हे कसं कळलं, एवढं विचारत जा

नौपाडा, ठाणे

अगं,

तुझा मेसेज वाचला. एफवायला मानसशास्त्र घेतलंस आणि महिन्याभरातच तुझं मत झालं, की ‘यात शिकण्यासारखं काय आहे, सगळा कॉमन सेन्सच तर आहे’. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ठाण्यात राहून मानसशास्त्र घेतलं की घरच्या समारंभात एक विनोद ठरलेला. आपल्याकडचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हसू दे त्यांना. पण तुझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आजारांना फार जागा नाही. बरंचसं पुस्तक धडधाकट माणसाबद्दल आहे. तो बघतो कसा, शिकतो कसा, विसरतो कसा.

आता तुझा कॉमन सेन्स. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ हे आपल्याला पटतं, आणि ‘शितावरून भाताची परीक्षा’ हेही तितकंच पटतं. दोन्ही एकदम कसं खरं असेल? माणूस कसाही वागला तरी त्याला लागू पडणारी म्हण आपल्याकडे तयार असते, आणि ती सुचते सगळं घडून गेल्यावर. ‘मला वाटलंच होतं’ म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. काय होईल ते आधी सांगायचं, मग मोजून बघायचं आणि चुकलं तर मान्य करायचं, हे त्या मामाला जमत नाही. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ते साल तुला पाठ करायला लावतात ते यासाठी. मनाचा विचार त्याच्या हजारो वर्षं आधीपासून चाललेलाच होता.

म्हणून व्याख्या पाठ करण्याआधी प्रत्येक संकल्पनेला विचार, हे कसं कळलं? एक उदाहरण नीट बघू.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. नंतर एका गटाला विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती असावा? दुसऱ्या गटाला तोच प्रश्न, पण जरा दणक्यात: गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा? तिसऱ्या गटाला वेगाचं काही विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना परत बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या. प्रत्येक गटात ५० जण. दणकेबाज प्रश्नवाल्यांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, साध्या प्रश्नवाल्यांपैकी ७, आणि ज्यांना काही विचारलं नव्हतं त्यांच्यापैकी ६.

प्रश्नातला शब्द हा स्वतंत्र चल, म्हणजे आपण मुद्दाम बदलतो ती गोष्ट, आणि काचांचं उत्तर हा परतंत्र चल, म्हणजे त्यामुळे काय बदलतं ते आपण मोजतो ती गोष्ट, एवढं तू परीक्षेत लिहिशीलच. तिसरा गट कशाला ठेवला, तिथे मात्र थांब. कोणी काही सुचवलेलं नसतानाही ६ जणांना काचा ‘दिसल्या’. तेवढे वजा केल्यावर जे उरतं ते त्या शब्दाचं काम. हा नियंत्रित गट नसता तर सगळी १६ माणसं शब्दाच्या खात्यात गेली असती. आणि हेही बघ, की दणकेबाज गटातल्या ३४ जणांना काचा दिसल्या नाहीत. तेव्हा ‘स्मृती खोटी असते’ असलं काहीतरी लिहून येऊ नकोस.

कोणाला कुठला प्रश्न मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं, नाहीतर आपण सहसंबंधालाच कारण समजून बसतो. ठाणे स्टेशनात ज्या दिवशी छत्र्या जास्त, त्या दिवशी गाड्या उशिरा. संबंध अगदी पक्का. म्हणून छत्र्यांवर बंदी घालून लोकल वेळेवर येईल का? इथे पाऊस डोळ्यांना दिसतो म्हणून आपण फसत नाही. ‘मोबाइल जास्त वापरणारी मुलं उदास असतात’ या बातमीतला पाऊस दिसत नाही, एवढाच फरक.

आता ऋण प्रबलन. प्रबलन म्हणजे ज्याने एखादं वागणं पक्कं होतं तो परिणाम; हवं ते मिळालं तर धन, नको ते टळलं तर ऋण. यात वर्गातली बरीच मुलं आपटतात, कारण ‘ऋण’ म्हटलं की त्यांना छडी आठवते. पनवेलच्या गाडीत बसलीस की बघ. ऐरोलीच्या आसपास एखादं पोर भोकाड पसरतं. आई बिस्किट देते, खिडकी दाखवते, डोळे वटारते आणि शेवटी पर्समधून मोबाइल काढून हातात देते. पोर गप्प. या एका क्षणात दोघं जण शिकले. रडल्यावर पोराला हवी ती वस्तू मिळाली, हे धन प्रबलन. मोबाइल दिल्यावर आईच्या कानाशी चाललेला कर्कश आवाज थांबला, हे ऋण प्रबलन. दोघांचंही वागणं पक्कं होणार. पुढच्या वेळी पोर लवकर रडेल आणि आई लवकर पर्स उघडेल. आणि ते डोळे वटारणं? त्याने रडणं कमी झालं नाही, म्हणून प्रबलनाची ही मांडणी करणाऱ्या स्किनरच्या हिशेबात ती शिक्षासुद्धा नव्हे. नाव परिणामावरून ठरतं, हेतूवरून नाही. मला स्किनरचा हा कोरडेपणा आवडतो. पुष्कळांना तो सोसत नाही.

प्रॅक्टिकलला आरशात बघून तारा गिरवायला लावतील. हसत-खिदळत उरकू नकोस. १९५३ साली अपस्मारासाठी (फिट येण्याच्या आजारासाठी) हेन्री मोलेसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा भाग शस्त्रक्रियेत काढला गेला. त्यानंतर नवीन आठवण टिकेनाच. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना हाच तारा दिला. तीन दिवसांत त्यांचा हात चांगला सुधारला, पण आपण हे आधी केलंय, हे त्यांना आठवत नसे. हाताचं शिकणं आणि प्रसंगाची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटेने जातात, हे त्या ताऱ्यातून दिसलं. २००८ मध्ये ते वारले तोवर पुस्तकांत त्यांचं नाव नुसतं ‘एच. एम.’ असं यायचं.

पुस्तकात छापलंय म्हणून सगळंच पक्कं, असंही धरून चालू नकोस. विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवणारा झिंबार्डो यांचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग आजही रंगवून सांगतात, पण पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, हा आक्षेप आता गंभीरपणे घेतला जातो. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा ठोस निष्कर्ष निघाला. याने विषय बुडाला असं मला वाटत नाही. हा हिशेब मानसशास्त्रवाल्यांनी स्वतःच मांडून छापला.

समुपदेशक होण्याचं विचारलंस. नुसत्या बीएवर काही होत नाही, एमए लागतंच. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी हवी. त्याचं टीवायला बोलू.

राहिल्या तू मागितलेल्या माझ्या जुन्या नोट्स. त्या देणार नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटं झालं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, वाचणाऱ्यांना ४२. माझ्या नोट्स तू पिवळ्या मार्करने रंगवशील, वाचून समाधान पावशील, आणि वर माझ्या अक्षराला नावं ठेवशील. त्यापेक्षा अध्ययनाचं प्रकरण संपलं की रात्री नऊनंतर फोन कर. मी प्रश्न विचारेन, तू पुस्तक मिटून उत्तरं दे.

तुझी,
मावशी