रोज पाणी घालूनही अबोली करपते!

प्रश्न : वेंगुर्ल्याला समुद्राजवळच घर आहे. परड्यात अबोली, जास्वंद, तोंडलीचा वेल आणि दोन माड. एप्रिल लागला की मी रोज पाईप धरून झाडांना पानांसकट आंघोळ घालते, तरी पानांच्या कडा करपतात. विहिरीचं पाणी या दिवसांत जरा मचूळ लागतं. खत कमी पडतंय का?

उत्तर : ताई, खत आत्ता नकोच, मुळाशी आधीच मीठ साचलंय त्यात रासायनिक खत म्हणजे आणखी मीठच की. एक पान तोडून बघा, मधला भाग हिरवा आणि फक्त काठ तपकिरी, कुरकुरीत असेल तर बहुतेक हे त्या मचूळ पाण्याचंच काम. किनाऱ्यावरच्या विहिरीत गोडं पाणी हलकं म्हणून वर असतं आणि खारं खाली, उन्हाळ्यात गोड्याचा थर पातळ होतो आणि आपण पंप लावून सीरियल बघायला बसलो की खालचं खारं वर ओढलं जातं. म्हणून पंप थोडा थोडा वेळ चालवा, विहिरीला मध्ये दम खाऊ द्या. आणि ती आंघोळ आधी बंद, पानावरचं पाणी उन्हात उडून जातं, मीठ तिथंच राहतं. पाणी बुंध्याशी, आळं भरून, सकाळी लवकर. नुसतं वरवर शिंपडलं तर मीठ वरच्या मातीत बसतं, भरपूर दिलं तर ते मुळांच्या खाली जातं.

मग आळ्यात चार बोटं पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, घाला. आपल्याकडे पातेरा झाडून जाळायची भारी हौस, तेवढी सोडा. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी मांडा, म्हणजे खालची माती झाकून राहते. फक्त खोडाला काही टेकू देऊ नका, वाळवी लागते. साचलेलं मीठ जूनचा पाऊस धुऊन नेईल, तोवर करपलेली पानं मोजत बसू नका.

प्रश्न : चिकूखाली लावलेल्या मोगऱ्याला नुसती पानंच येतात. (देवगड)

उत्तर : सावली! मोगऱ्याला निदान पाच-सहा तास ऊन हवं. पावसाळा सुरू झाला की हलवा, थंडीत छाटा, कळ्या नव्या फुटीवरच येतात.

प्रश्न : मे महिन्यात बागेत पाच मिनिटं बसवत नाही, मग एवढी मेहनत कशाला? (रत्नागिरी)

उत्तर : अहो, दुपारी बसायला सांगितलंय कोणी? खळ्यात चार बांबू रोवून झावळांचा माटव घाला, कुंड्या त्याच्या कडेला आणा, त्यांनाही दुपारची सावली मिळते. मोगरा तिन्हीसांजेला उमलतो, तेव्हा खारा वारा सुटलेला असतो, खुर्ची टाका, कोकम सरबत घ्या आणि मोबाईल घरात ठेवा. माटव मात्र मे संपायच्या आत उतरवा, नाहीतर पहिल्या वादळात झावळं शेजाऱ्यांच्या कौलांवर आणि मग पावसाळाभर बोलणी खा.