युद्धक्षेत्रातला टीव्ही वार्ताहर व्हायचं असेल तर सुरुवात थेट परदेशातूनच करावी लागते का?

नाही. युद्धवार्तांकनासाठी प्रसिद्ध असलेल्या टीव्ही वार्ताहर क्रिस्टियान अमानपूर यांचंच बघा. पत्रकारितेची पदवी घेऊन १९८३ मध्ये त्या सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या अटलांटा कार्यालयात लागल्या, त्याही परदेश विभागात सहायकाच्या साध्या जागेवर. आखाती युद्धाने नाव झालं, पण खरी कसोटी लागली बोस्नियातल्या युद्धात. बोस्नियाची राजधानी साराजेव्हो तेव्हा बोस्नियन सर्ब सैन्याच्या वेढ्यात होती; तिथून मे १९९४ मध्ये त्यांनी थेट प्रक्षेपणात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना बोस्नियाबाबतच्या धरसोडीचा जाब विचारला; क्लिंटन चिडले. तटस्थ राहत नाहीत, अशी टीकाही अमानपूर यांच्यावर झाली. मला त्यांचीच बाजू पटते: शहर वेढणारा आणि त्यात अडकलेला यांना एकाच तराजूत तोलायचं कसं?

तेव्हा डेस्कचं, म्हणजे कार्यालयात बसून करायचं काम मिळालं तर जरूर घ्या. अमानपूर तेहरानमध्ये वाढल्या, फारसी तिथलीच. तुम्हीही एखाद्या प्रदेशाची भाषा आत्तापासून शिकायला लागा.