कॅज्युअल्टीत नवीन आलीस, म्हणून सांगते

मोठी दुर्घटना झाली की आधी गंभीर रुग्ण येतील, असं तुला वाटत असेल. तसं होत नाही गं. आधी येतात चालू शकणारे, दुचाकीवर, टॅक्सीत, मिळेल त्या गाडीने. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे जीवघेणं विष सोडलं, तेव्हा बरेच जण रुग्णवाहिकेविनाच इस्पितळात पोचले आणि त्यांच्या कपड्यांतल्या विषाने तिथल्या डॉक्टर-नर्सनाही त्रास झाला. रसायनाचा संशय आला तर रुग्णाला दाराबाहेरच थांबव. कपडे उतरवून, भरपूर पाण्याने धुऊन मगच आत घे.

रुग्णांची निकड ठरवणारे रंग पाठ हवेत: लाल म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ जखमी, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. श्वास मिनिटाला ३० च्या वर, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना कळत नाही, यातलं एकही दिसलं तर लाल. एकापाशी मिनिटाहून जास्त थांबू नकोस. ओरडणाऱ्याला सोडून गप्प पडलेल्याकडे जायचं, हे फार जड जातं. पहिल्या वेळी माझे पाय हललेच नव्हते.

हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळ, सांध्यावर नको, आणि वेळ लिही.

२०२५ च्या मे महिन्यात इथे गोव्यात शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तालाही (सणालाही) तशीच गर्दी लोटते. सगळे बांबोळीला आपल्या गोमेकॉतच (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) आले तर लालांना जागा कुठली? हिरव्यांना जवळच्या आरोग्य केंद्राकडे वळव. आणि महत्त्वाचे नंबर आजच कागदावर लिहून ठेव, गर्दीत मोबाइल लागत नाहीत.