नव्या गाडीचं पहिलं ऑइल आणि चार किलोमीटरची शाळा

प्रश्न : गेल्या दसऱ्याला आम्ही घरातली पहिली गाडी घेतली, १२०० सीसीची पेट्रोल. मी चिपळूणला शिक्षिका आहे. शाळा घरापासून चार किलोमीटर. सकाळी जाते, दुपारी येते, बहुतेक तेवढीच गाडी फिरते. सहा महिन्यांत १९०० किलोमीटर झाले. १००० किलोमीटरच्या मोफत सर्व्हिसला ऑइल बदलतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पातळी पाहिली आणि 'आता १० हजाराला बदलू' म्हणाले. माझ्या थोरल्या दिरांनी तीस वर्षं टेंपो चालवला. ते म्हणतात, कंपनीचं ऑइल हजाराच्या आत काढायलाच हवं होतं, त्यातला लोखंडाचा कीस इंजिन खातो. अजून तरी काढ आणि जाड ऑइल टाक, असा त्यांचा आग्रह आहे. निघालेलं ऑइल दाराच्या चौकटींना वाळवीसाठी हवंय म्हणतात. काय करू?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, आधी तुमच्या भाऊजींचं म्हणणं घेतो, कारण ते त्यांनी अनुभवातून काढलेलं आहे. १९८१ साली मी कराडात गॅरेजला लागलो. तेव्हा आमच्याकडे पद्मिनी, अँबेसेडर आणि मेटॅडोर यायच्या. इंजिनकाम झालेली गाडी असली की उस्ताद ५०० किलोमीटरला परत बोलवायचे आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट खोलायला मला खाली पाठवायचे. निघालेलं ऑइल ते पत्र्याच्या थाळीत घेऊन उन्हात धरायचे. त्यात बारीक चमकी दिसायची, जत्रेतल्या बांगडीवर असते तशी. "हे पोटात ठेवशील का?" असं मला विचारायचे. ती थाळी ज्यानं पाहिलीय तो माणूस जन्मभर पहिलं ऑइल लवकरच काढणार. भाऊजींनीही कुठंतरी ती पाहिली असणार.

पण ती चमकी यायची कुठून ते सांगतो. लेथवाल्याकडे बोअर मारून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून, आलेला इंजिनाचा ब्लॉक आम्ही उघड्या आवारात डिझेलनं धुवायचो. सिलिंडरच्या भिंतीवर हत्याराच्या रेषा असायच्या, त्या रेषांची टोकं खरखरीत असायची. पिस्टनच्या नव्या रिंगा त्यावर घासून घासून बसायच्या, आणि ती खरवडलेली टोकं ऑइलमध्ये उतरायची. त्यात आवारातली धूळ. अशा इंजिनाचं पहिलं ऑइल ५०० ला काढणं बरोबरच होतं आणि आजही आहे. उद्या कुणी गॅरेजमध्ये इंजिनकाम करून घेतलं, तर मी त्याला हेच सांगेन.

कारखान्यातून आलेल्या आजच्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. तिथं सिलिंडरच्या भिंतीवर आडव्या-तिरप्या बारीक रेघा मुद्दाम ठेवतात, ऑइल धरून राहायला. पण त्यांची वर आलेली टोकं शेवटच्या घासणीत आधीच काढून टाकलेली असतात. म्हणजे आमच्या वेळी जे काम पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये रस्त्यावर व्हायचं, त्यातलं बरंचसं आता यंत्रावर होऊनच येतं. कीस अजिबात निघत नाही असं मी म्हणणार नाही. नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलमध्ये पुढच्या ऑइलपेक्षा धातू जास्तच असतो. मात्र त्यातले मोठे कण फिल्टरच्या कागदात अडकतात, आणि उरतात ते इतके बारीक की ऑइलच्या थरातून न खरवडता निघून जातात. काही कंपन्या तर पुस्तकातच लिहितात की पहिलं ऑइल ठरल्या वेळेआधी काढू नका.

मीही एकेकाळी गिऱ्हाईकाच्या समाधानासाठी ८०० किलोमीटरला ऑइल काढून द्यायचो. ते मी बंद केलं एका गाडीमुळं. माझ्याकडच्या पोरानं ड्रेन नट लावताना जुनाच वॉशर वापरला आणि नट गच्च व्हावा म्हणून पान्याला पाइप लावून ओढला. चेंबर अॅल्युमिनियमचा, आतले आटे गेले. सातारा येईपर्यंत थेंब थेंब ऑइल गळत गेलं. गाडीमालकानं वेळीच ऑइलचा दिवा पाहिला म्हणून इंजिन वाचलं. चेंबर मी माझ्या पैशानं बदलून दिला, पण त्या माणसाच्या नव्या गाडीला गरज नसताना हात लावला ही गोष्ट मला अजून लागते.

तेव्हा हजाराला ऑइल काढलं नाही म्हणून तुमचं काही बिघडलेलं नाही. ती रुखरुख सोडा.

आता सर्व्हिसवाल्यांचं. त्यांनी तुम्हाला अर्धंच वाक्य सांगितलं. गाडीचं पुस्तक काढा आणि देखभालीचा तक्ता बघा. पेट्रोल गाड्यांना बहुधा '१० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं असतं. तुमच्या आजच्या चालीनं १० हजार व्हायला अडीच वर्षांच्या वर लागतील. त्याच तक्त्याच्या आसपास कठीण वापराचा वेगळा रकाना असतो : धुळीचा रस्ता, सततची गर्दी आणि वारंवार कमी अंतराच्या फेऱ्या. त्यात मुदत कमी केलेली असते, पुष्कळदा निम्मी. चार किलोमीटरची शाळा त्या रकान्यात बसते. तुम्ही गाडी हळू चालवता, घाट चढत नाही, म्हणून तुमचा वापर हलका असं तुम्हाला वाटत असेल. इंजिनाच्या दृष्टीनं तो जड आहे.

एक लीटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लीटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी मात्र रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन थंड असताना पेट्रोलही जास्तीचं सोडलं जातं, त्यातलं काही भिंतीवरून ओघळून ऑइलला मिळतं. इंजिन चांगलं तापलं की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि वाफ परत इंजिनातच ओढून जाळली जाते. पण त्यासाठी ऑइल नीट तापावं लागतं. डॅशबोर्डवरचा काटा मधे आला म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारा द्रव, तापलं. ऑइल त्याच्या मागून तापतं, त्याला पंधरा-वीस मिनिटं तरी सलग चाल हवी. तुमची शाळा दहा मिनिटांत येते. गाडी बंद, दुपारपर्यंत गार. परत तेच. रोज दोनदा पाणी आणि पेट्रोल आत जातं आणि बाहेर निघायची पाळीच येत नाही. त्यात आम्लं तयार होतात, आणि ती मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्यं हळूहळू संपतात. त्यातून तुमच्याकडची पावसाळी हवा.

हे मी एका गाडीत डोळ्यांनी पाहिलंय. एक निवृत्त गृहस्थ, गाडी रोज स्वतः पुसणारे. बाजार आणि मंदिर एवढीच चाल. सव्वादोन वर्षांत ४२०० किलोमीटर, आणि १० हजार झाले नाहीत म्हणून ऑइल कारखान्यातलंच. गाडी तापून उभी राहिली की ऑइलचा दिवा लुकलुकतो, अशी तक्रार घेऊन आले. मी ऑइलचं झाकण फिरवलं तर आतून दुधाळ कॉफीच्या रंगाचा लगदा. इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर काढलं, तिथंही तोच थर. चेंबर उतरवून ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी पाहिली, निम्मी बुजलेली. ते गृहस्थ पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "मी तर गाडी इतकी जपली." त्यांना काय सांगावं मला सुचेना, आणि तेव्हापासून कमी चालणाऱ्या गाडीच्या मालकाला मी आपण होऊन वर्षाची अट सांगतो.

म्हणून बाई, तुमचं पहिलं ऑइल आता बदला, सहा महिन्यांवर, फिल्टरसकट. १९०० किलोमीटर ही संख्या बघून सर्व्हिस सेंटरवाले नको म्हणतील. त्यांना पुस्तकातला तो रकाना दाखवा. तुमच्या इंजिनाला साधारण तीन-साडेतीन लीटर ऑइल लागेल, एक फिल्टर, आणि ड्रेन नटचा वॉशर नवाच घालायला सांगा. मोफत सर्व्हिसमध्ये मजुरी मोफत असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे पडतात. बिलावर किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच कागद कामी येतो. वर्षाची ठरलेली सर्व्हिसही चुकवू नका. शाळा बदलली, रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणं झालं, की पुस्तकातल्या साध्या मुदतीवर या.

जाड ऑइल मात्र नको. भाऊजींच्या टेंपोला ४० नंबर किंवा २०डब्ल्यू-५० घालत असतील, ते त्या इंजिनाला योग्य होतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असा काहीतरी आकडा असेल, तोच घालायचा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड असताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा तापल्यावर किती दाट राहतं ते. आजच्या इंजिनातले ऑइलचे मार्ग बारीक असतात आणि व्हॉल्व्हची वेळ पुढंमागं करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. सकाळी सुरू करताना जाड ऑइल वर पोचायला उशीर करतं, आणि तुमची गाडी तर रोज दोनदा थंडच सुरू होते.

दोन कामं घरी करा. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, ऑइलची पट्टी बघा. जांभ्याचं अंगण उताराचं असेल तर गाडी सपाटीला घ्या आणि दहा मिनिटं थांबून मगच बघा. पट्टी काढा, सुती फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. नवं इंजिन सुरुवातीला थोडं ऑइल खातं, त्यामुळं जरा खाली गेलं तर घाबरू नका, खालच्या खुणेला यायच्या आत भरा. पातळी वर चढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर मात्र पुढच्या मुदतीचीही वाट बघू नका, ऑइल बदला. ऑइल काळं झालं म्हणून बदलायची गरज नाही. मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

दुसरं काम सुट्टीच्या दिवशी गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालवायचं. हायवेनं सावर्डे गाठून परत या, किंवा कुणाला बरोबर घेऊन कुंभार्ली घाट चढा. गाडी जागेवर उभी करून तापवू नका, त्यानं पेट्रोल जळतं आणि ऑइल तापत नाही.

राहिलं जुन्या ऑइलचं. चौकटींना ते लावायची पद्धत कोकणात मीही पाहिली आहे, आणि इकडं सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला लोक डबा घेऊन येतात. मी देत नाही. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. त्यात धातू आणि जळकी द्रव्यं असतात, ती कातडीला वाईट. तुमच्याकडच्या पावसात चौकटीवरचं ऑइल धुऊन थेट अंगणात येईल, आणि कोकणातल्या अंगणात विहीर लांब नसते. ते वर्कशॉपातच त्यांच्या पिंपात राहू द्या. भाऊजींना वाळवीचं औषध दुकानातून आणून द्या आणि ऑइल बदलताना त्यांना बरोबर घेऊन जा. निघालेलं ऑइल ते उन्हात धरून बघतील. चमकी दिसली का, मला जरूर कळवा.