शब्दचर्चा : 'स्थिर शाखा', 'खोड' आणि 'विकासशाखा'

नागपुरातील अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी एका मुक्तस्रोत प्रकल्पाची मार्गदर्शिका मराठीत आणायला घेतली आहे. त्यांच्यापैकी एकाने असे विचारले आहे, की 'ट्रंक' (सॉफ्टवेअरच्या कोडची, नवे काम जिच्यात चालते ती मूळ प्रत) या संज्ञेसाठी 'खोड' आणि 'स्टेबल ब्रँच' (वापरणाऱ्यांसाठी वेगळी सांभाळलेली, फारशी न बदलणारी प्रत) या संज्ञेसाठी 'स्थिर शाखा' हे शब्द चालतील का. कारण गटातील काहींना 'स्थिर' म्हटल्यावर काम थांबल्याचा भास होतो, तर काहींना त्यात एकही दोष उरलेला नसल्याची हमी ऐकू येते. माझे मत असे, की 'स्थिर शाखा' ठेवावी, 'खोड' मात्र सोडून द्यावे आणि त्या जागी 'विकासशाखा' हा शब्द घ्यावा.

'स्थिर'वरचे दोन्ही आक्षेप मराठीच्या चालू वापरानेच फिटतात. 'रुग्णाची प्रकृती स्थिर आहे' असे डॉक्टर सांगतात, तेव्हा रुग्ण बरा झाला असे कोणी समजत नाही आणि उपचार थांबले असेही कोणी मानत नाही. जे आहे ते ठाऊक आहे आणि अचानक काही पालटण्याची शक्यता कमी आहे, एवढाच अर्थ ऐकणारा घेतो. कळमन्याच्या बाजारात 'भाव स्थिर' म्हटले की भाव चांगला की वाईट, यावर काहीच भाष्य झालेले नसते. सॉफ्टवेअरमधील 'स्टेबल'चा अर्थ याच्या अगदी जवळचा आहे. ते वापरणाऱ्याला दिलेले वचन आहे, आणि वचनाचा विषय बदल हा आहे, निर्दोषपणा नव्हे.

हे वचन प्रत्येक प्रकल्पात सारखे नसते, आणि भाषांतर करताना गफलत होते ती येथेच. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या संगणक-कार्यप्रणालीत एखादी 'स्टेबल' आवृत्ती प्रसिद्ध झाली, की तिच्यातील बहुतेक पॅकेजांचे, म्हणजे तिच्यासोबत मिळणाऱ्या कार्यक्रमांचे, आवृत्तिक्रमांक जवळजवळ जागीच राहतात. सुरक्षेतील उणीव सापडली तर नवी आवृत्ती आणण्याऐवजी तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवतात. केवळ क्रमांक पाहून 'हे जुने आहे, म्हणून असुरक्षित आहे' असा निष्कर्ष काढणारे त्यामुळे फसतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीत याउलट 'स्टेबल' ही स्वतःच विकासाची एक शाखा आहे, नवे बदल 'करंट' शाखेत मुरल्यावर तिच्यात येतात आणि प्रत्यक्ष वापरासाठी तिच्यातून पुढे 'रिलीज', म्हणजे प्रसिद्ध आवृत्ती, काढली जाते. तेथील स्थैर्याचे वचन मुख्यतः असे असते, की त्या मालिकेसाठी बांधलेले कार्यक्रम पुढेही चालत राहतील. म्हणून मार्गदर्शिकेत 'स्थिर शाखा' प्रथम येईल तेथे तुमच्या प्रकल्पाचे वचन नेमके काय आहे, हे एका वाक्यात लिहिलेच पाहिजे. नुसता शब्द, मग तो मराठी असो वा इंग्रजी, तेवढे सांगू शकत नाही.

'अनस्टेबल'साठी मात्र 'अस्थिर' नको. मराठीत अस्थिर म्हटले की पडण्याच्या बेतात आलेले सरकार डोळ्यांपुढे येते. डेबियनची 'सिड' या नावाची 'अनस्टेबल' शाखा अनेक जण रोजच्या कामासाठी वापरतात. ती कोसळते म्हणून तिचे नाव तसे पडलेले नाही, तिच्यातील पॅकेजे सतत पालटत असतात म्हणून पडले आहे. तिला 'बदलती' म्हणावे.

आता 'खोड'. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द निर्दोष आहे. पण 'खोडात केलेला बदल', 'खोडातील चुका' अशी वाक्ये मराठी माणसाने वाचली की 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' हेच त्याला आधी आठवणार, आणि शेजारी 'खोडणे' हे क्रियापद टपून बसलेले आहेच. इंग्रजी शब्द तसाच ठेवून 'ट्रंकमध्ये टाका' म्हणावे, तर घरातील जुनी पत्र्याची पेटी उघडते. कोणी 'फाटा' सुचवील. शाखा निघण्यासाठी 'फाटा फुटणे' हा अस्सल मराठी प्रयोग आहे आणि मला तो आवडतो. पण 'फाटा देणे' म्हणजे टाळणे, वगळणे, आणि 'या बदलासाठी चाचण्यांना नवा फाटा दिला' असे कोणी भाबडेपणाने लिहिले तर काय समजायचे? राहिली 'मुख्य शाखा'. ती दिसायला निरुपद्रवी आहे, तरी तिच्यातच मला सर्वांत मोठा धोका वाटतो, कारण बँकेची मुख्य शाखा म्हणजे जेथे सर्व व्यवहार खात्रीने होतात ती जागा, आणि त्याच समजुतीने नवखा वाचक थेट तिच्यातील अर्धवट काम उतरवून घेईल. 'शाखा' या शब्दाचा नागपुरात आधी कोणता अर्थ मनात येतो, हे सांगायला नको. परंतु बँका, विषय आणि झाडे यांच्या शाखाही याच शहरात सुखाने नांदतात, तेव्हा आणखी एकीची अडचण होऊ नये.

शिवाय झाडाचे रूपक मुळातच अनिवार्य नाही. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या सबव्हर्जन या जुन्या साधनात 'ट्रंक', 'ब्रँचेस' आणि 'टॅग्ज' अशा तीन फोल्डरांचा संकेत होता आणि तोही केवळ संकेतच. त्याच कामाच्या गिट या साधनात खोड आणि फांदी असा भेद नाही, सर्व शाखाच आहेत आणि त्यांपैकी एकीला प्रकल्पाने मान दिलेला असतो. तिचे रूढ नाव आधी 'मास्टर' होते. २०२० च्या ऑक्टोबरपासून गिटहब या संकेतस्थळावरील नव्या भांडारांत (प्रकल्पांच्या कोडसाठ्यांत) ते 'मेन' झाले. नावे अशी पालटत असताना भाषांतर नावाचे न करता कामाचे करावे, आणि त्या शाखेचे काम विकासाचे आहे.

'विकासशाखा' आणि 'स्थिर शाखा' या दोन वेगळ्या का ठेवाव्या लागतात, हे लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, इतिहासावरून उत्तम कळते. पूर्वी तेथे आवृत्तिक्रमांकात बिंदूनंतरचा सम आकडा स्थिर मालिकेचा आणि विषम आकडा विकासाच्या मालिकेचा असे. २.४ ही स्थिर मालिका जानेवारी २००१ मध्ये निघाली आणि २.५ मध्ये चाललेले काम २.६ च्या रूपाने वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचायला डिसेंबर २००३ उजाडले. मधल्या काळात लिनक्स वापरायला तयार करून देणाऱ्या वितरक कंपन्यांनी २.५ मधील हव्या त्या गोष्टी स्वतःच २.४ मध्ये बसवल्या आणि प्रत्येकाचे 'स्थिर' कर्नल निराळे झाले. २.६ नंतर विषम मालिका काढण्याची पद्धत मागे पडली आणि मार्च २००५ पासून प्रत्येक प्रसिद्ध आवृत्तीमागे फक्त दुरुस्त्यांची वेगळी स्थिर शाखा ठेवण्याची प्रथा सुरू झाली. तिचे नियम कडक आहेत: दुरुस्ती संदर्भाच्या (आजूबाजूच्या न बदललेल्या) ओळी धरून १०० ओळींहून मोठी नसावी, ती उघडपणे बरोबर असावी, आणि ती किंवा तिच्याशी समान बदल आधी लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या मूळ शाखेत आलेला असावा. शेवटच्या अटीचे कारण साधे आहे. दुरुस्ती फक्त जुन्या शाखेत झाली, तर नवी आवृत्ती घेणाऱ्याला तोच दोष पुन्हा भेटेल.

दुरुस्तीच्या एका शाखेतून दुसरीत होणाऱ्या या प्रवासाच्या क्रियापदांबद्दल प्रश्नात विचारलेले नाही. तरी ती लागणारच. 'बॅकपोर्ट'साठी, म्हणजे नव्या आवृत्तीतील दुरुस्ती जुनीत बसवण्यासाठी, 'उतरवणे' हे क्रियापद मला पुरेसे वाटते. फळ्यावरचे वहीत उतरवून घेतो त्यातील नक्कल, आणि वरच्या आवृत्तीतून खालच्या आवृत्तीत आणणे, हे दोन्ही अर्थ त्यात आपोआप येतात. फक्त 'डाउनलोड'साठीही 'उतरवून घेणे' रूढ आहे, म्हणून कोणत्या शाखेत उतरवायचे ते दर वेळी सांगावे. 'चेरी-पिक'साठी, म्हणजे एका शाखेतील निवडक बदल तेवढे दुसरीत घेण्यासाठी, चेरीचे भाषांतर करण्याचा मोह आवरावा. विदर्भातील वाचकाला 'वेचणे' पुरते. पहिल्या वेच्याला फुटलेली बोंडेच घ्यायची आणि हिरवी झाडावर राहू द्यायची, हा कापसाच्या वावरातील शिरस्ता विकासशाखेतून पक्क्या दुरुस्त्या तेवढ्या घेण्याला नेमका लागू पडतो. प्रसिद्धीपूर्वी नवे बदल घेणे थांबवतात त्या 'फ्रीझ'ला 'गोठवणे' म्हणावे, कारण बँक खाते आणि निवडणूक चिन्ह गोठवल्याच्या बातम्यांनी तो अर्थ आधीच पक्का केला आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात भाषांतरित करू नये: संगणकाला द्यायच्या आज्ञेत टंकायची शाखेची नावे. पोस्टग्रेस ही माहितीसाठा सांभाळणारी प्रणाली आपल्या शाखेच्या नावात आवृत्तीचा आकडा आणि 'स्टेबल' हा शब्द जोडते. ते नाव अक्षरशः तसेच लागते, म्हणून ते मूळ लिपीत ठेवून बाजूला मराठीत खुलासा द्यावा. मार्गदर्शिकेतील वाक्य मग असे होईल: 'दुरुस्ती प्रथम विकासशाखेत पाठवावी, ती तेथे स्वीकारली गेल्यावर देखभाल करणारे सदस्य ती चालू असलेल्या स्थिर शाखांत उतरवतील.' 'चालू असलेल्या' हे शब्द गाळू नयेत, कारण स्थिर शाखेलाही शेवट असतो. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षे सांभाळली जाते आणि मग तिच्यातील दुरुस्त्या थांबतात. त्या टप्प्यासाठी 'आधार संपला' असे लिहू नये, वाचक आपले कार्ड शोधू लागेल. 'देखभाल बंद' असे लिहून पुढे महिना आणि वर्ष द्यावे.