मनगटातील नस भरून येते, मेरुरज्जू का नाही?

प्रश्न : ऊस तोडताना कोयता लागून माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या मनगटातील नस तुटली. मिरजेला त्याच दिवशी शस्त्रक्रिया होऊन ती जोडली. पण दोन महिने झाले तरी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिरच आहेत. डॉक्टर धीर धरायला सांगतात. आमच्या गावात झाडावरून पडून पाठीच्या कण्याला मार लागलेल्या एका गृहस्थांचे पाय मात्र कित्येक वर्षांत हललेले नाहीत. एका ठिकाणी आशा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे का?
— एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : या फरकाचे कारण चेतापेशींपेक्षा त्यांच्या सोबतीला असणाऱ्या पेशींमध्ये अधिक आहे, आणि या सोबतिणींकडे आपल्या पाठ्यपुस्तकांतही फारसे लक्ष दिले जात नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि इतर पेशींची संख्याही जवळपास तेवढीच भरते.

आपल्या भावाची जी नस तुटली, ती म्हणजे हजारो अक्षतंतूंची, अर्थात चेतापेशींपासून निघणाऱ्या लांब धाग्यांची, जुडी होय; रक्तवाहिनी नव्हे. हे तंतू ज्या चेतापेशींचे आहेत, त्यांचे मुख्य भाग मनगटात नसून मानेच्या कण्यात आणि त्याच्या लगत असतात; म्हणून कोयत्याने तंतू तुटले तरी बहुतेक पेशी जिवंत राहतात. तुटलेल्या जागेपलीकडचा तंतू मात्र नष्ट होतो, हे शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये दाखवून दिले; पेशीकडून येणारी प्रथिने थांबल्यामुळे तसे होते. टाके घातल्याने जोडले जाते ते नसेचे आवरण. आतले तंतू पुन्हा वाढवण्याचे काम शरीरालाच करावे लागते.

येथे नसेतील तंतूंच्या सोबतिणींचे, म्हणजे ‘श्वान’ नावाच्या पेशींचे महत्त्व कळते. एरवी या पेशी तंतूभोवती मायेलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन गुंडाळतात, ज्यामुळे संदेशाचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. इजा झाल्यावर त्या आपले काम बदलतात : मायेलिनचे अवशेष हटवतात, साफसफाईसाठी रक्तातील भक्षक पेशींना बोलावतात, वाढीस पोषक द्रव्ये स्रवतात आणि एकापुढे एक रांगेत उभ्या राहतात. तासगावकडच्या बागांत द्राक्षवेल जशी तारेच्या आधाराने पुढे सरकते, तसा नवा तंतू या रांगेच्या आधाराने दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर १५ ते १८ सेंटिमीटर धरले, तर पाच-सहा महिने लागणारच, आणि सुरुवातीचे काही आठवडे वेगळे. तेव्हा दोन महिन्यांचा बधिरपणा हे अपयशाचे लक्षण नव्हे.

मेंदू आणि मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतातंतूंच्या दोरीत) श्वान पेशी नसतात. तेथे मायेलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींच्या वेष्टनातील काही प्रथिने तंतूंची वाढ रोखतात, आणि त्याचे अवशेषही दीर्घकाळ साफ होत नाहीत. ताऱ्याच्या आकाराच्या अॅस्ट्रोसाइट पेशी जखमेभोवती व्रण तयार करतात. शेजारचा निरोगी भाग त्यामुळे वाचतो, हे खरे. परंतु नव्या तंतूंच्या मार्गात तोच व्रण अडथळा ठरतो. मेरुरज्जूच्या तंतूंमध्ये वाढण्याची क्षमता मुळातच कमी असली, तरी ती शून्य नसते. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या मेरुरज्जूला पायातील नसेचा तुकडा जोडला, तेव्हा तेथील तंतू त्या तुकड्यातून काही सेंटिमीटरपर्यंत वाढले. या प्रयोगानंतर संशोधकांनी सोबतच्या पेशींकडे अधिक गांभीर्याने पाहिले, पण आपल्या गावच्या गृहस्थांना चालते करू शकेल असा खात्रीचा उपचार अद्याप हाती आलेला नाही.

भावाची प्रगती डॉक्टर नसेवर हलकी टिचकी मारून तपासतात. मुंग्या येण्याची जागा महिन्यागणिक बोटांकडे सरकत असेल, तर तंतू वाढत आहेत. ती जागा तीन-चार महिन्यांतही सरकली नाही, तर पुन्हा शल्यचिकित्सकांना दाखवावे, कारण स्नायू वर्ष-दीड वर्ष चेतातंतूंविना राहिले की त्यांची ताकद परत येणे कठीण होते. सांगितलेले व्यायाम रोज करावेत. बी-१२ च्या गोळ्यांचा उपयोग त्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तेव्हाच होतो. बोटांची संवेदना परत येईपर्यंत त्या हाताने तापलेला तवा किंवा चहाचा गरम पेला धरू देऊ नये आणि रोज रात्री बोटे उजेडात नीट पाहावीत. बधिर बोट भाजले किंवा उसाच्या पात्याने कापले, तरी त्याला ते जाणवणार नाही.