वाचकांचे प्रश्न : तिबेटी वसाहतीतून हॉटेलच्या नोकरीत

प्रश्न : आमच्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली, ओळखीच्या घरातली मुलगी यंदा बारावी झाली. घरचा धंदा हिवाळ्यात स्वेटर विकण्याचा. तिला हॉटेलात जायचंय, पण तीन वर्षांच्या पदवीचा खर्च झेपणारा नाही. गोव्याहून आणि लेहहून, दोन्हीकडून बोलावणं आलंय. कुठे पाठवावं?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : पगाराचा आकडा बघण्याआधी कॅलेंडर बघा. स्वेटरचा धंदा साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. गोव्याचा हंगामही नेमका तेव्हाच भरात येतो. दुकानावर आई-वडील दोघंच असतील आणि मुलगी गोव्याला गेली, तर तिच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागेल आणि ती पाठवेल त्यातला मोठा वाटा तिथेच जाईल. लेहचा हंगाम मे ते सप्टेंबरचा. तो उरकून ती दुकानावर वेळेत परत येते. घरात हात पुरेसे असतील तर मात्र गोवा किंवा बारमाही चालणारं शहरातलं हॉटेल बरं, कारण पाच महिन्यांच्या कामात शिकणं तुटक होतं.

लेहच ठरलं, तर दोन हंगाम एकाच हॉटेलात काढावेत आणि विभाग बदलून मागावा : पहिल्या वर्षी हाउसकीपिंग, दुसऱ्या वर्षी रेस्टॉरंट किंवा फ्रंट ऑफिस. दर हंगामाच्या शेवटी अनुभवपत्र घ्यावं. त्यावर तारखा, पद आणि विभाग हवा. ‘आमच्याकडे काम केले’ एवढंच लिहिलेला कागद पुढच्या मुलाखतीत कुणी वाचत नाही.

हाउसकीपिंगला नाक मुरडू नये. मध्यम हॉटेलात एका पाळीत एका कर्मचाऱ्याकडे १२ ते १६ खोल्या येतात आणि पाहुणा सोडून गेलेली खोली २५-३० मिनिटांत तयार करावी लागते. क्रम ठरलेला : खिडक्या उघडणे, वापरलेली लिनन (चादरी, टॉवेल) काढणे, बाथरूममध्ये रसायन टाकून ठेवणे, तेवढ्या वेळात पलंग लावणे, मग बाथरूम घासणे, धूळ वरून खाली पुसणे आणि शेवटी फरशी लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडे. नवी मुलं रसायन टाकल्या टाकल्या पुसतात. त्याला पाच-दहा मिनिटं मिळाली नाहीत तर डाग हटत नाहीत, मग घासण्यात दुप्पट वेळ जातो आणि शेवटच्या चार खोल्या रखडतात. दुसरी चूक कमोडचं फडकं बेसिनला लावण्याची. ती नोकरी घालवणारी आहे, म्हणून कोणत्या जागेला कोणत्या रंगाचं फडकं, हे पहिल्याच दिवशी पाठ करावं.

एक गोष्ट वसाहतीतली मुलं अर्जात लिहीतच नाहीत : त्यांना मराठी येतं. लेहला पुण्या-मुंबईहून पुष्कळ पर्यटक जातात. तिबेटी, हिंदी, इंग्रजीच्या जोडीला मराठी ठळक लिहावं.

प्रश्न : हॉटेलवाले पासपोर्ट आणि व्हिसा मागतात. मुलीकडे फक्त आरसी आहे. परदेशी नोकरी देणारा एक एजंटही मागे लागलाय.

उत्तर : भारतात जन्मलेल्या तिबेटी निर्वासितांचा इथला मुख्य कागद आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यांच्याकडे व्हिसा मागणं गैरसमजातून होतं. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाची प्रत अर्जाला जोडावी. पात्रतेनुसार काम-व्यवसाय करू देण्याची तरतूद त्यात आहे. आधार आणि पॅनही काढता येतं, ते आधीच काढून ठेवावं. आरसीची मुदत हंगामाच्या मध्यात संपत असेल तर निघण्यापूर्वी नूतनीकरणाचं बघावं आणि जिल्हा सोडण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारून कळवावं. मूळ आरसी ‘जमा’ म्हणून मालकाच्या कपाटात कधीही ठेवू नये. मूळ प्रत दाखवायची आणि छायांकित द्यायची.

परदेशासाठी आयसी, म्हणजे ओळख प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक लागतं. तो पासपोर्ट नव्हे. आयसीवर व्हिसा द्यायचा की नाही, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी उत्तर येण्याआधी एजंटला एक रुपयाही देऊ नये.

प्रश्न : माझ्या हाताखाली लेहच्या किचनमध्ये दोन तिबेटी मुलं आहेत. घरी मोमो उत्तम करतात, इथे मात्र आतून कच्चे राहतात नाहीतर तळाला फाटतात.

उत्तर : हात चांगला आहे, उंची नडते आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वाफही तेवढीच गरम. सपाटीवर भाजीचे मोमो १० मिनिटांत होतात, तिथे १४-१५ धरा. चिकनचे १८ ते २०, आणि प्रोब थर्मामीटर आत खुपसून ७५ अंश दिसल्याशिवाय उतरवू नका. मध्येच झाकण उघडलं की वेळ पुन्हा वाढतो.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी २५० मिली. लेहच्या कोरड्या हवेत १०-२० मिली जास्त लागतं. कणीक ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरवायची, लाटलेल्या पाऱ्याही झाकलेल्या, कारण वाळलेल्या कडा चिकटत नाहीत. १६ ग्रॅमची गोळी घेतली तर साधारण ४५ पाऱ्या होतात, प्रत्येकीत १८ ग्रॅम सारण. मुलं घरच्या सवयीने मुठीएवढं भरतात, ते थांबवा.

तळ फाटतो तो बहुतेक कोबीच्या पाण्याने. किलोभर बारीक कोबीला १० ग्रॅम मीठ लावून १५ मिनिटांनी घट्ट पिळायचा आणि बाकीच्या सारणात मीठ बेतानं घालायचं. जाळीला तेल हवंच. तीन मजली मोक्टूत (मोमो वाफवायच्या भांड्यात) खालचा थर आधी शिजतो, तेव्हा वेळ प्रत्येक थराची वेगळी तपासा.

आणि हो, ही मुलं विदर्भात किंवा कर्नाटकात वाढलेली असतील तर तिबेटी आहेत म्हणून पहिल्याच दिवशी जिन्यावरून सिलिंडर चढवायला लावू नका. पाहुण्यांना सांगता तशी पहिले दोन दिवस त्यांनाही विश्रांती द्या. डोकेदुखीसोबत तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर थेट दवाखाना.

प्रश्न : मुलगा सगळा पगार घरी पाठवतो आणि महिनाअखेरीस मित्रांकडून उसने घेतो. किती पाठवावं?

उत्तर : रक्कम टिपवर नाही, मूळ पगारावर ठरवावी. टिप आणि सर्व्हिस चार्ज ऑफ-सीझनला आटतात. राहणं-जेवण हॉटेलचं असेल तर हाती पडणाऱ्या पगाराच्या निम्मे पाठवणं बहुधा निभतं. बाकीच्यातून निदान एक हिस्सा वेगळ्या खात्यात, कारण हंगाम संपल्यावरचे महिने आणि परतीचं तिकीट कुणी धरतच नाही. पगार बँकेतच घ्यावा. पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) ०.७५ टक्के कपात दिसत असेल (२१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू), तर विमा क्रमांक मागून घ्यावा. कपात होते आणि क्रमांक मिळत नाही, अशी तक्रार असेल तर ईएसआयसीच्या जवळच्या शाखेत पावती घेऊन जावं.